हातापायांवरचा तीळ : डर्मोस्कोपीने तपासणी का, कधी आणि कशी?

वरणगाव : अंगावरच्या तिळाकडे आपल्याकडे कुणी आजार म्हणून बघत नाही. गालावर असला तर शोभा, तळहातावर असला तर हातात पैसा टिकतो, तळपायावर असला तर माणूस गावोगाव फिरतो, अशी बोलणी घरोघरी ऐकायला मिळतात. बहुतेक तीळ खरंच निरुपद्रवी असतात आणि आयुष्यभर तसेच राहतात. पण तळहात, तळपाय आणि नखाखालची जागा यांचा हिशोब थोडा वेगळा आहे. या जागेवरचा काळा डाग साधा आहे की धोक्याचा, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवणं डॉक्टरांनाही अवघड जातं. त्यासाठी डर्मोस्कोपी नावाची सोपी, न दुखणारी तपासणी आहे. ती काय असते, त्यात डॉक्टर काय बघतात आणि कुणी ती करून घ्यावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

मुळात भीती कशाची?

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना मेलॅनोसाइट म्हणतात. या पेशी एका जागी गोळा झाल्या की तीळ दिसतो. याच पेशी बिघडून बेसुमार वाढायला लागल्या तर जो कर्करोग होतो त्याला मेलॅनोमा म्हणतात. गोऱ्या लोकांच्या देशांत हा रोग खूप आढळतो आणि तिथे उन्हाचा त्यात मोठा वाटा असतो. भारतात त्याचं प्रमाण फार कमी आहे, वर्षाला लाख लोकांमागे एकाहूनही कमी. त्यामुळे हा लेख वाचून कुणी घाबरून जाण्याचं कारण नाही.

मग लिहायचं कशाला? कारण सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या माणसाला मेलॅनोमा होतो तेव्हा तो बऱ्याचदा पाठीवर किंवा चेहऱ्यावर न होता तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो. तिथे ऊन लागत नाही, म्हणून 'आपली कातडी सावळी आहे, आपल्याला काय होणार' हा भरवसा तिथे कामाचा नाही. या प्रकाराला अ‍ॅक्रल मेलॅनोमा म्हणतात. 'अ‍ॅक्रल' म्हणजे शरीराच्या टोकाकडच्या भागांचा. बहुतेक रुग्ण पन्नाशी-साठीनंतरचे असतात, पण तरुणांना होतच नाही असं नाही.

खरी अडचण उशिराची आहे. तळपाय कुणी रोज उलटा करून बघत नाही. काळा डाग दिसला तरी तो चप्पल चावल्याचा, दगड लागल्याचा किंवा काटा मोडल्याचा समजला जातो. जखम झाली तर कुरूप समजून कॉर्न कॅप लावली जाते. शुगर असलेल्या माणसाची न भरणारी जखम 'शुगरमुळे' म्हणून महिनोन्‌महिने पट्टीवर चालते. तोपर्यंत रोग कातडीखाली खोल उतरतो आणि जांघेतल्या गाठींपर्यंत पोचतो. रोग कातडीच्या वरच्या थरातच असताना सापडला तर कापून काढल्यावर माणूस जवळजवळ पूर्ण बरा होतो. खोल गेल्यावर मात्र इलाज कठीण, लांबलचक आणि महाग होतो. मधला फरक बऱ्याचदा काही मिलिमीटरचाच असतो.

जगप्रसिद्ध जमैकन गायक बॉब मार्ली यांचं उदाहरण यात नेहमी दिलं जातं. त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ साली हाच रोग सापडला. सुरुवातीला ती फुटबॉल खेळताना झालेली इजा वाटली होती. ११ मे १९८१ रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

तळव्याची कातडी म्हणजे सरी-वरंब्याचं शेत

डर्मोस्कोपी समजून घ्यायची तर आधी तळव्याची कातडी समजली पाहिजे. रेशन दुकानात मशीनवर अंगठा ठेवतो तेव्हा मशीन ज्या रेषा वाचतं, तशाच रेषा संपूर्ण तळहातावर आणि तळपायावर असतात. अंगाच्या बाकी कातडीवर त्या नसतात.

या रेषांचा भारताशी जुना संबंध आहे. कोलकात्यात १८९७ साली बोटांच्या ठशांचं कार्यालय सुरू झालं. तिथे काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस अधिकाऱ्यांनी ठशांची वर्गवारी बसवण्याचं मोठं काम केलं. पद्धतीला नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचं लागलं. ज्या रेषांनी माणसाची ओळख पटते, त्याच रेषा आज तिळाची ओळख पटवायला कामी येतात.

आपल्या शेतकऱ्यांना हे एका वाक्यात कळेल. तळव्याची कातडी म्हणजे सरी-वरंबा पाडलेलं शेत. उंच भाग तो वरंबा, खोल भाग ती सरी. भिंगातून बघितलं तर वरंबे रुंद आणि सऱ्या अरुंद दिसतात. प्रत्येक वरंब्याच्या मधोमध घामाची बारीक छिद्रं ओळीने असतात, जणू टोकण पद्धतीने बी लावलंय. भिंगाखाली ती पांढऱ्या ठिपक्यांच्या माळेसारखी दिसतात. सरी कोणती आणि वरंबा कोणता हे ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण आहे : ज्या पट्ट्यात पांढऱ्या ठिपक्यांची माळ, तो वरंबा.

डर्मोस्कोप म्हणजे काय?

डर्मोस्कोप हे हातात मावणारं यंत्र आहे. त्यात साधारण दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि स्वतःचा दिवा असतो. साध्या भिंगातून बघताना कातडीवर पडलेला उजेड चकाकतो आणि आतलं काही दिसत नाही. डर्मोस्कोपमध्ये ही चकाकी घालवायची सोय असते. एका प्रकारात कातडीवर थोडं जेल किंवा स्पिरिट लावून काच टेकवतात. दुसऱ्या प्रकारात पोलराइज्ड उजेड वापरतात, त्यात काच टेकवायचीही गरज नसते. चकाकी गेली की वरच्या थराच्या खालचा रंग, रेषा, ठिपके आणि रक्तवाहिन्या दिसायला लागतात.

यात सुई नाही, रक्त काढणं नाही, क्ष-किरण नाहीत. उपाशी यावं लागत नाही. एका तिळाला दोन-चार मिनिटं लागतात. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारा माणूस, कुणालाही चालते. डॉक्टर बऱ्याचदा मोबाइल किंवा कॅमेरा जोडून फोटो काढून ठेवतात, म्हणजे पुढच्या वेळी तुलना करता येते. पायाचा तीळ दाखवायला पाऊल तेवढं उघडं करावं लागतं. घरातल्या बायकांना संकोच वाटत असेल तर सोबत कुणी थांबू शकतं, महिला डॉक्टरांकडेही जाता येतं. संकोचापायी तपासणी टाळू नये.

साधा तीळ भिंगाखाली कसा दिसतो?

तळव्यावरच्या साध्या तिळाच्या तीन ठरलेल्या नक्ष्या असतात.

पहिली, सरीची नक्षी. रंग सरींमधून बारीक समांतर रेषांनी वाहतो आणि वरंबे मोकळे राहतात. पाण्याने भरलेल्या सऱ्या लांबून दिसाव्यात तसं. ही सगळ्यात जास्त आढळणारी नक्षी आहे. कधी एका सरीत दोन रेषा दिसतात, कधी रेषेऐवजी ठिपक्यांची ओळ.

दुसरी, जाळीची नक्षी. सरीतल्या रेषांना वरंब्यावरून आडव्या रेषा जोडतात आणि खिडकीच्या जाळीसारखं चित्र तयार होतं. तळपायाच्या मधल्या खोलगट भागात ही जास्त दिसते.

तिसरी, तंतूंची नक्षी. अंगाचा भार पडतो त्या टाचेवर किंवा चवड्यावर रंगाचे बारीक तिरपे धागे दिसतात, ब्रशने एका दिशेने ओढल्यासारखे. भारामुळे वरचा जाड थर तिरपा सरकतो आणि सरीतला रंग त्याबरोबर तिरका पडतो, म्हणून असं दिसतं. हे धागे एकसारखे आणि समान जाडीचे असतील तर काळजी नसते. जाड-बारीक, वेडेवाकडे असतील तर डॉक्टर थांबून बघतात.

धोक्याची नक्षी : रंग वरंब्यावर

मेलॅनोमात उलटं होतं. रंग वरंब्यावर पसरतो आणि सऱ्या फिकट राहतात. पट्टे रुंद दिसतात आणि त्यांच्या मधोमध पांढऱ्या ठिपक्यांच्या माळा दिसतात.

असं का होतं? साध्या तिळातल्या पेशी बहुतेक करून सरीच्या खालच्या भागात गोळा होतात, त्यामुळे त्यांचा रंग सरळ वर सरीत येतो. मेलॅनोमाच्या पेशी सुरुवातीला वरंब्याखालच्या भागात वाढतात, म्हणून रंग वरंब्यावर येतो. रोग जेव्हा नुसता एक सपाट तपकिरी डाग असतो, गाठ नाही, जखम नाही, दुखणं नाही, तेव्हासुद्धा ही खूण दिसू शकते. डर्मोस्कोपीचं खरं मोल इथे आहे.

हे जपानमधल्या डॉक्टरांनी बारकाईने अभ्यासलं, कारण जपानी लोकांमध्येही मेलॅनोमा जास्त करून तळपायावरच होतो. तोशिआकी साइदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली तळवे आणि बोटांवरच्या ७१२ डागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मेलॅनोमा ओळखायला वरंब्याच्या नक्षीची संवेदनशीलता ८६ टक्के आणि अचूक वगळण्याची क्षमता ९९ टक्के निघाली. सोप्या शब्दांत, १०० मेलॅनोमांपैकी साधारण ८६ मध्ये ही नक्षी सापडते आणि १०० साध्या तिळांपैकी जेमतेम एकात. उरलेले १४ मात्र या एका खुणेवर सापडत नाहीत, म्हणून डॉक्टर बाकीच्या गोष्टीही बघतात.

डॉक्टर निर्णय कसा घेतात? तीन पायऱ्या

जपानी डॉक्टरांनीच यासाठी तीन पायऱ्यांची पद्धत बसवली.

पायरी १ : डागाच्या कोणत्याही भागात वरंब्याची नक्षी आहे का? असेल तर डाग केवढाही असो, बायोप्सी.

पायरी २ : नसेल, तर वर सांगितलेल्या तीन साध्या नक्ष्यांपैकी एखादी संपूर्ण डागात नीट दिसते का? दिसत असेल तर साधा तीळ. वारंवार यायची गरज नाही.

पायरी ३ : दोन्ही नसेल, तर मोजपट्टी. डाग सगळ्यात रुंद जागी ७ मिलिमीटरपेक्षा मोठा असेल तर बायोप्सी. ७ किंवा त्याहून लहान असेल तर फोटो काढून ठेवतात आणि ३ ते ६ महिन्यांनी पुन्हा बघतात.

युरोपातल्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये गुण देण्याची एक पद्धतही मांडली. तिला ब्राफ म्हणतात. त्यात वरंब्याच्या नक्षीला ३ गुण, वेडावाकडा डबक्यासारखा रंग, रचनेचा असमतोल आणि रंगांचा असमतोल यांना प्रत्येकी १ गुण. सरीची आणि तंतूंची नक्षी असेल तर प्रत्येकी १ गुण वजा. बेरीज १ किंवा जास्त आली तर संशय धरतात.

सरी आणि वरंबा ओळखू येत नसेल तर शाईची युक्ती वापरतात. डागावर शाई लावून लगेच पुसतात. वरंब्यावरची शाई निघून जाते, सरीतली राहते. मग भिंगातून बघितलं की डागाचा रंग शाईच्या रेषेवर आहे की दोन रेषांच्या मध्ये, ते कळतं.

तीळ वाटतो, पण तीळ नसतो

आपल्या भागात तळव्यावरच्या काळ्या डागाची साधी कारणं पुष्कळ आहेत. डॉक्टरांना ती सांगितली तर विनाकारण कापाकापी टळते.

मेहंदी आणि केसांची डाय : चांदरात किंवा लग्नाची मेहंदी तळव्याच्या वरच्या थराला रंगवते. केसांना डाय लावताना उघड्या हाताला लागलेला रंग, किंवा 'काळी मेहंदी' म्हणून मिळणारी पीपीडी रसायन मिसळलेली कोन, यांचा डाग भिंगाखाली थेट वरंब्यावर बसलेला दिसू शकतो, म्हणजे हुबेहूब धोक्याच्या नक्षीसारखा. म्हणून तपासणीला जायचं असेल तर आधी मेहंदी किंवा डाय लावू नका. लावली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. असा डाग तीन-चार आठवड्यांत वरचा थर झडला की निघून जातो.

केळीचा चीक : रावेर, यावल, मुक्ताईनगर पट्ट्यात केळी कापणीवर जाणाऱ्या मजुरांना हे नव्याने सांगायला नको. चिकाचे तपकिरी डाग हाताला धरून बसतात. ते पसरट असतात आणि काम थांबलं की झडतात.

रक्त साकळणं : जाड बुटात पाय घासणं, क्रिकेट किंवा कबड्डीत झटका बसणं, आयुध निर्माणीत आणि रेल्वेत दिवसभर सेफ्टी शूज घालून उभं राहणं, यामुळे टाचेला काळा डाग पडतो. भिंगाखाली त्यात लालसर-काळे गोल खडे दिसतात. डॉक्टर ब्लेडने वरचा मेलेला थर हलकेच खरवडतात. साकळलेलं रक्त निघून आलं आणि डाग गेला की विषय संपतो.

बुरशी : टिनिया नायग्रा नावाची बुरशी तळहातावर तपकिरी ठिपका उठवते. ती दमट हवेच्या भागात जास्त आढळते आणि बुरशीच्या मलमाने जाते.

नमाजचे डाग : वर्षानुवर्षं नमाज पढणाऱ्यांच्या कपाळावर, गुडघ्यावर आणि पायाच्या घोट्याजवळ जाड, काळपट कातडी होते. बसताना डावा पाय अंगाखाली दुमडलेला असतो, त्यामुळे डाव्या घोट्याला हा डाग जास्त असतो. हा घासण्याचा परिणाम आहे, कर्करोग नाही. मात्र त्यातच नवी जखम झाली, रक्त यायला लागलं किंवा गाठ आली तर दाखवावं.

जन्मजात सावळेपणा, औषधं आणि कमतरता : गडद त्वचेच्या अनेकांच्या तळव्यांवर फिकट तपकिरी पट्टे किंवा बरेच ठिपके असतात, ते साधेच. काही कर्करोगविरोधी औषधांनी तळवे काळे पडतात. बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेत बोटांच्या सांध्यांवर आणि तळव्यांवर काळपटपणा येतो. दोन्ही हातापायांवर सारखं काळं पडणं आणि एकाच पायावर एकच डाग वाढत जाणं, यात फरक आहे. काळजी दुसऱ्याची जास्त.

नखातली काळी रेघ

नखात उभी तपकिरी रेघ आपल्या लोकांत नेहमीची गोष्ट आहे. तीन-चार नखांत असेल आणि वर्षानुवर्षं तशीच असेल तर चिंता नको. पण पुढीलपैकी काही असेल तर दाखवा : मोठ्या माणसाला एकाच नखात, विशेषतः अंगठ्यात, नव्याने आलेली रेघ, ३ मिलिमीटरपेक्षा रुंद किंवा रुंद होत जाणारी, मुळाशी रुंद आणि टोकाला निमुळती, एकाच रेघेत वेगवेगळे रंग, नख दुभंगणं, आणि सर्वांत महत्त्वाचं, काळेपणा नखाबाहेर कातडीवर उतरणं. या शेवटच्या खुणेला हचिन्सन यांची खूण म्हणतात. जोनाथन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरांनी १८८६ सालीच अशा काळ्या नखुरड्याचं वर्णन केलं होतं.

नखाला मार लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण निघायला वर्ष ते दीड वर्ष. नखाच्या मुळाशी खुणेची रेघ मारून महिन्या-दोन महिन्यांनी बघा. डाग पुढे सरकला आणि मागे नवं स्वच्छ नख आलं तर ते रक्तच. डाग जागचा हलला नाही तर डॉक्टरकडे जा.

हे करू नका

गावाकडे तीळ आणि चामखीळ घालवायला बिब्बा लावतात, चुना-सोड्याचं मिश्रण लावतात, दोरा बांधतात, ब्लेडने कापतात. बिब्ब्याचं तेल कातडी भाजतं, फोड येतात आणि नंतर तिथे आणखी काळा डाग राहतो. पण त्याहून मोठा धोका वेगळा आहे. वरचा डाग जळाला तरी खालच्या पेशी राहतात आणि ज्या नक्षीवरून डॉक्टर रोग ओळखणार ती पुसली जाते. ब्युटी पार्लरमध्ये किंवा कुणाकडेही लेझरने, अ‍ॅसिडने किंवा विजेच्या सुईने तळव्याचा डाग जाळून घेणं याच कारणासाठी चूक आहे. तळव्यावरचा संशयित डाग जाळायचा नसतो. तो काढायचा आणि काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला पाठवायचाच.

मोबाइलमधल्या अ‍ॅपवर फोटो टाकून 'सेफ' असं उत्तर आलं तर त्यावरही विसंबू नका. अशी बरीचशी अ‍ॅप गोऱ्या त्वचेच्या फोटोंवर शिकवलेली असतात.

बायोप्सी म्हणजे काय आणि तिची भीती

'सुई लागली की कॅन्सर पसरतो' हे वाक्य आपल्याकडे इतकं पसरलं आहे की माणसं त्यापायी दवाखान्यातून उठून जातात. बायोप्सीने मेलॅनोमा पसरत नाही. पसरतो तो वाट बघत बसल्याने.

डाग लहान असेल तर जागा बधिर करून तो पूर्ण काढतात आणि टाके घालतात. मोठा असेल तर एक तुकडा घेतात, आणि तो नेमका कुठून घ्यायचा हेही डर्मोस्कोप दाखवतो. पॅथॉलॉजीचा अहवाल रोग आहे की नाही आणि असल्यास किती मिलिमीटर खोल, हे सांगतो. या खोलीला ब्रेस्लो जाडी म्हणतात. पुढे किती कातडी काढायची, जांघेतली किंवा काखेतली गाठ तपासायची का, हे बहुतांशी त्यावर ठरतं. अहवालाची प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा.

पायाला टाके असतील तर काही दिवस जखम कोरडी ठेवावी लागते. वजूसाठी पट्टी सोडून जखम भिजवणारे रुग्ण असतात, त्यामुळे जखम चिघळते. जखमेवर पट्टी असताना पट्टीवरूनच ओला हात फिरवण्याची, म्हणजे मसाहची सवलत शरियतमध्ये आहे. तपशील आपल्या मशिदीतल्या आलिमांना विचारून घ्या, पट्टी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढू नका.

डर्मोस्कोपीच्याही मर्यादा आहेत. काही मेलॅनोमांना रंगच नसतो. ते गुलाबी, मांसल, मशासारखे किंवा न भरणाऱ्या जखमेसारखे दिसतात. तिथे नक्षी सापडत नाही, म्हणून दोन महिन्यांत न भरणाऱ्या तळव्याच्या जखमेची बायोप्सी करावी का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. शुगर असलेल्यांनी तर नक्कीच.

जायचं कुठे?

वरणगावच्या लोकांना त्वचारोगतज्ज्ञ भुसावळ आणि जळगावला मिळतात. अपॉइंटमेंट घेतानाच 'डर्मोस्कोप आहे का' हे विचारून घ्या, म्हणजे फेरी वाया जाणार नाही. जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथल्या त्वचारोग विभागाच्या ओपीडीतही दाखवता येतं.

बायोप्सीत मेलॅनोमा निघाला तर कर्करोगाचं काम करणाऱ्या मोठ्या केंद्रात जाणं बरं. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून हे काम करत आहे. भुसावळहून मुंबईला थेट गाड्या आहेत, दादरला उतरलं की परळ जवळ पडतं. जाताना बायोप्सीचा अहवाल, पॅथॉलॉजीचे ब्लॉक आणि काचपट्ट्या, आणि आधार कार्ड सोबत ठेवा. ब्लॉक नेले नाहीत तर पुन्हा चकरा माराव्या लागतात.

खर्चासाठी राज्याची महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत योजना यांत कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रिया आणि उपचार येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन उपचार सुरू होण्याआधी त्याला भेटा.

घरी काय बघायचं?

महिन्यातून एकदा पाय धुतल्यावर, उजेडात बसून दोन्ही तळवे बघा. पाच वेळा वजू करणाऱ्याला तर बोटांच्या बेचक्यांपर्यंत हात फिरवायची सवय असतेच, तेवढी नजरही फिरवायची. ज्यांना वाकता येत नाही त्यांनी जमिनीवर आरसा ठेवावा, किंवा घरातल्या मुलांनी आई-वडिलांचे, दादा-दादींचे तळवे बघावेत. डाग दिसला तर शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि तारीख लिहा.

पुढीलपैकी दोन किंवा जास्त गोष्टी दिसल्या तर थांबू नका :

१. डागाचा रंग आजूबाजूच्या कातडीहून वेगळा, किंवा एकाच डागात बरेच रंग.
२. कशामुळे झालं ते नक्की सांगता येत नाही.
३. रक्त किंवा पाणी येतं.
४. इलाज करूनही डाग किंवा जखम वाढते आहे.
५. दोन महिने झाले तरी भरत नाही.

याशिवाय ७ मिलिमीटरपेक्षा मोठा, किंवा चाळिशी-पन्नाशीनंतर तळव्यावर नव्याने आलेला डाग एकटाच पुरेसा आहे. एकदा तज्ज्ञाला दाखवून घ्या. दहापैकी बहुतेक वेळा डॉक्टर भिंगातून बघून 'साधा तीळ आहे, जा घरी' असंच म्हणतील. हे ऐकायला दहा मिनिटं आणि एक फेरी लागते. ज्याला हे ऐकायला मिळणार नाही, त्याच्यासाठी तीच फेरी वेळेत झालेली असेल.